एकोणीस कडवी, अकरा मिनिटं चाळीस सेकंद

मी संगीतातला माणूस आहे हे आमच्या घरात कुणी मानत नाही. महाडच्या एका भजनी मंडळात गेली चौदा वर्षं मी पेटी वाजवतो. मंडळही ते मानत नाही, पण पेटी माझ्या मालकीची असल्यामुळे त्यांचा नाइलाज आहे. माझी बायको निशिगंधा तर मी रियाजाला बसलो की नेमका तेव्हाच मिक्सर लावते. तेव्हा अठ्ठ्याण्णव सालच्या गणपतीआधी मी जे काही केलं, ते निव्वळ समाजसेवेच्या भावनेनं केलं असं मी म्हणणार नाही. एकदा तरी सगळ्यांनी तोंडात बोटं घालावीत, एवढीच माझी माफक इच्छा होती.

आमच्या कापडे गावच्या घरी गौर येते ती खालच्या पऱ्यावरून. पऱ्या म्हणजे पावसाळ्यात खळाळणारा ओहोळ. तिथून तेरड्याची गौर सुपात घ्यायची आणि बायकांनी गाणं म्हणत बांधावरून, श्रीपतमामाच्या दारावरून, दगडी पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेनं चढून घरी आणायची. इथवर सगळ्या गावांसारखंच. पण आमच्या घराण्यात एक जास्तीची अट आहे. गाण्याची शेवटची ओळ आणि गौरीचं उंबऱ्यातलं पाऊल एकाच वेळी पडलं पाहिजे. आधी नाही, नंतर नाही. पन्नास वर्षं आमच्या ठकूकाकीनं हे पाऊल एकदाही चुकवलं नव्हतं. आणखी एक म्हणजे हे गाणं एरवी तोंडातून काढायचं नाही. गौर हातात असेल तरच म्हणायचं. त्यामुळे तालीम नाही, सराव नाही, वर्षातून एकदा थेट परीक्षा.

आदल्या वर्षी काकीचा गुडघा धरला आणि सूप तिच्या सुनेच्या, मैनाच्या हातात आलं. मैना बिचारी घाबरून गाणं इतकं भराभर म्हणत सुटली, की ते गोठ्यापाशीच संपलं. पुढची वाट गौर मुक्यानं घरात आली. झालं! नंतर वर्षभर घरात जे जे बिघडलं ते मैनामुळे बिघडलं. म्हैस आटली, मैनामुळे. महादूची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, मुंबईत रात्रपाळी लागली, मैनामुळे. पाटा दुभंगला तोही मैनामुळेच, वास्तविक तो काकीच्याच हातून पडला होता.

मी श्रावणात गेलो तेव्हा मैना मला परसात गाठून म्हणाली, "भावजी, औंदा मी गौरीला माहेरी जातेय. अजून येकदा चुकलं ना, तर ह्या घरात मला जागा नाय."

तिचे डोळे भरले होते. अशा वेळी शहाणा माणूस दोन शब्द धीराचे बोलतो आणि गप्प बसतो. मी म्हणालो, "अगं, त्यात काय? मशीनवर करून देतो. तुम्ही फक्त मशीनबरोबर म्हणायचं आणि चालायचं. सेकंदाचा फरक पडणार नाही!"

"खरंच?" ती म्हणाली आणि हसली. त्या हसण्यामुळे माझे परतीचे दोर कापले गेले.

मशीन माझं नव्हतं. आमच्या शेजारी युसुफभाई राहतात, त्यांचा ट्रकचा धंदा. त्यांचा भाऊ उबेद कुवेतला असतो. त्यानं येताना एक कीबोर्ड वर्कस्टेशन आणलं आणि जाताना ते युसुफभाईंच्या हवाली करून गेला. ते त्यांच्या माडीवर दुलईत गुंडाळून ठेवलेलं असे, बाळंतिणीसारखं. त्यात सिक्वेन्सर नावाची सोय होती. आपण वाजवलेलं ते लक्षात ठेवतं आणि हवं तेव्हा, हव्या त्या वेगानं पुन्हा वाजवून दाखवतं. तबला, पेटी, झांजा एकेक करून वाजवत जायचं, ते सगळं एकत्र करून देतं. म्हणजे ज्यांच्याबरोबर वाजवायला कुणी तयार होत नाही अशा कलावंतांसाठीच ते बनवलेलं होतं.

युसुफभाई म्हणाले, "घ्या ना विनीतभाई, धूळच खातंय. पण इथंच माडीवर बसून वाजवा. उबेदला कळलं तर तिकडून फोनवर रडेल."

पहिल्याच दिवशी कळलं, की हे मशीन स्वभावानं आमच्या सरकारी कचेरीतल्या मोठ्या साहेबांसारखं आहे. आधी वेग सांगा, मग मात्रा सांगा, मग बोला. काही न सांगता बसलात तर ते स्वतःच एकशे वीसचा टेम्पो धरून चालतं. मिनिटाला एकशे वीस ठोके! त्या वेगानं आमची गौर पोलादपूरची शेवटची एसटी पकडायला निघाल्यासारखी घरी आली असती. बरं, बटण दाबलं की ते लगेच ऐकून घेत नाही. आधी "टिंग टक टक टक" अशी दोनदा सूचना देतं आणि मग तुमची पाळी येते. मला चौदा वर्षांची सवय अशी, की मंडळाचे बुवा मान हलवतात आणि मी सुरू होतो. इथं मान हलवणारं कुणी नाही. मी कधी दोन टक आधी सुरू होई, कधी टक संपल्यावर आणखी कुणी काही म्हणतंय का याची वाट पाहत बसे. शिवाय डावा हात. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर असतो. इथं भाता नाही, पण हाताला कोण सांगणार? तो सारखा मशीनची पाठ ओढत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं मागची वायरच ओढून काढली.

मग ती चारची भानगड. त्या टकटकीत दर तीन टकनंतर एक जोराचा "टिंग" येई. गौरीचं गाणं सहा मात्रांचं. त्यामुळे टिंग कधी 'गौराई'वर पडे, कधी 'माझी'च्या मधोमध. ऐकताना उचकी लागलेल्या माणसाशी बोलल्यासारखं वाटे. आमच्या आळीत सयाजीराव म्हणून कोर्टाचे निवृत्त बेलिफ आहेत. आयुष्यभर समन्स वाटल्यामुळे कुणाच्याही घरात सरळ शिरायची त्यांना सवय आहे. ते माडी चढून आले, पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "सोपं आहे. चार आणि सहाचा लसावि किती? बारा! दर बारा मात्रांनी दोघांचा समेट होतोय. तडजोड मान्य करा आणि पुढे चला."

मी तीन दिवस तडजोडीत काढले. चौथ्या दिवशी कळलं, की मशीनमध्ये मात्रा सहा करायची सोय आहे, आणि ती सोबतच्या पुस्तकात पहिल्याच पानावर दिलेली आहे. सयाजीरावांना मी हे सांगितलं नाही. त्यांचं वय झालंय.

माझी बोटं वेगात चालत नाहीत हे मला मान्य करायला हरकत नाही, कारण इथं निशिगंधा वाचत नाहीये. पण सिक्वेन्सरची खरी करामत तीच. तीसच्या टेम्पोवर रमतगमत वाजवून ठेवायचं आणि नंतर साठवर ऐकायचं. सूर तोच राहतो, नुसता वेग वाढतो. मी तीसवर वाजवत असताना युसुफभाईंच्या नुरजहाँभाभी खालून दोनदा चहा पाठवत. वर बसलेल्या माणसाला काहीतरी मोठं दुःख आहे असा त्यांचा समज झाला होता. एकदा त्यांनी साठवर ऐकलं आणि विचारलं, "हे तुम्हीच वाजवलंत?" मी फक्त हसलो. आयुष्यात इतकं निर्मळ खोटं मी कधी हसलो नव्हतो.

आता खरा प्रश्न होता वेग नेमका किती ठेवायचा. आळीतल्या प्रत्येकाला याचं उत्तर माहीत होतं. सयाजीराव म्हणाले, साठ. मिनिटाला साठ सेकंद असतात, देवाधर्माच्या कामात घड्याळाशी वाकडं नको. निशिगंधा म्हणाली, ऐंशी. पावसात कुणाला हौस आहे रेंगाळायची? युसुफभाई मात्र मिशी चोळत म्हणाले, "विनीतभाई, गाडी गोव्याला किती तासांत पोचते ते वेगावर नसतं. मध्ये किती नाके लागतात त्याच्यावर असतं." हे उत्तर धंदेवाईक आहे असं मनाशी म्हणून मी ते सोडून दिलं.

मी रविवारी कापड्याला गेलो आणि ठकूकाकीसमोर घड्याळ घेऊन बसलो. गाणं ती म्हणणार नव्हतीच. गौर नाही तर गाणं नाही.

"काकी, नुसता ठेका दे. पाटावर बोटं वाजव."

"येड लागलंय काय रे तुला?" काकी म्हणाली. पण पाट पुढे ओढला, डोळे मिटले आणि बोटं वाजवायला लागली. हळूहळू, जपून. "आता पऱ्याची निसरट हाय," ती म्हणाली. मी मोजले, मिनिटाला पन्नास. "आता बांध लागला." बोटं पळायला लागली, बहात्तर. "आता पाखाडी." बोटं जड झाली, चव्वेचाळीस. अख्खी वाट त्या पाटावर होती. मला भरून आलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. तोच मशीनला वेग मधेच बदलता येतो हेही आठवलं आणि मी सगळं टिपून घेतलं.

राहिली होती पावलं आणि कडवी. कडव्यांची संख्या मी गावातल्या बायकांना विचारली. काही म्हणाल्या सतरा, काही म्हणाल्या एकवीस, आणि दोन्ही बाजू चिडल्या. सरकारी पद्धतीप्रमाणे मी एकोणीस धरली. एका कडव्याच्या छत्तीस मात्रा, म्हणजे एकूण सहाशे चौऱ्याऐंशी. मात्रेला एक पाऊल. आता वाटही सहाशे चौऱ्याऐंशी पावलांची भरायला हवी होती. पहिल्या मोजणीत ती सहाशे नव्वद भरली. दुसऱ्या वेळी मी शेवटची काही पावलं जरा लांब टाकली आणि हिशेब जुळला.

पण नुसत्या पावलांवर माझं समाधान होईना. जमीन मोजणी खात्यातल्या एका मित्राकडून मी लांब फीत मागून आणली होती. मित्रानं मला आधी अर्ज करायला लावला. 'कारण' या रकान्यात मी 'गौर' लिहिलं, ते त्यानं खोडून 'खाजगी' केलं. ती फीत घेऊन मी बांधावर वाकलो, एवढ्यात श्रीपतमामा डोक्यावरचं इरलं फेकून धावत आला.

"कोनी पाठवलंय तुला? रस्ता काढताय काय माझ्या शेतातून?"

"मामा, गाणं मोजतोय."

हे उत्तर द्यायला नको होतं. मामाच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की सरकार किती खालच्या थराला जाऊ शकतं याचा त्याला आजच अंदाज आला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की पऱ्यापासून आमच्या दारापर्यंत डांबरी रस्ता येतोय आणि त्याला मी सामील आहे.

महाडला परतून मी रेकॉर्डिंगला बसलो. पेटी झाली, ढोलकी झाली, झांजा चालू असताना अठराव्या कडव्याला वीज गेली. वीज आल्यावर मशीन सुरू केलं तर ते एकशे वीसवर टकटक करत होतं, आणि माझ्याशी पूर्वी कधी भेट झाल्याचं त्याला आठवत नव्हतं. फ्लॉपीत साठवून ठेवल्याशिवाय ते काही लक्षात ठेवत नाही, हे पुस्तकात होतं. अडतिसाव्या पानावर. मी सगळं पुन्हा वाजवलं. या वेळी घाईत मी कुठे कुठे ठोक्याच्या मागे राहिलो होतो, म्हणून एक दुरुस्तीचं बटण दाबलं. ते प्रत्येक सूर उचलून जवळच्या ठोक्यावर नेऊन ठेवतं. ऐकलं तर गाणं अगदी बिनचूक आणि अगदी टायपिंगच्या क्लाससारखं. काकीच्या बोटांतला झोका कुठल्या कुठे. ती दुरुस्ती मागे घ्यायला मला दोन दिवस लागले आणि शेवटी मी माझ्या चुका होत्या तशा ठेवल्या. कॅसेट भरली. अकरा मिनिटं चाळीस सेकंद. युसुफभाईंनी पेढा भरवला.

गौरी आवाहनाच्या दिवशी पाऊस पडत होता. टेपरेकॉर्डर भिजू नये म्हणून सयाजीरावांनी तो महाडहून निघतानाच खताच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, आयुष्यभराचा अनुभव पणाला लावून, सुतळीनं बांधून दिला होता. वर लाखेचं सील तेवढं नव्हतं. वाजवण्याचं बटण पिशवीवरून चाचपून दाबता येत होतं. बाकीची बटणं त्या सुतळीखाली गेली होती, पण त्यांची गरज पडणारच नव्हती.

पऱ्यावर पंधराएक बायका जमल्या. मैनानं सूप घेतलं. "भावजी, जमेल ना?" तिनं विचारलं. मी एखाद्या इंजिनड्रायव्हरसारखी मान हलवली आणि बटण दाबलं.

आणि जमलं! निसरड्यावर पन्नास, सगळ्या बायकांची पावलं बरोबर. बांधावर बहात्तर, सूप कसं डुलत चाललेलं. बायका गात होत्या, मी एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात ती गाणारी खताची पिशवी घेऊन मागून चाललो होतो. आयुष्यात पहिल्यांदाच पंधरा माणसं माझ्या तालावर चालत होती.

श्रीपतमामाच्या दारात मामा आडवा उभा होता.

"थांबा," तो म्हणाला. "गौर माझ्या दारानं माझ्या मर्जीनं जाते, सरकारच्या नाय. आज सगळ्यांसमक्ष व्हऊन जाऊ द्या. कमळा, ताट आन!"

कमळामामीनं ताट आणलं. गौरीला हळदकुंकू झालं, ओटी झाली, नारळ झाला. नारळ फुटेना, म्हणून मामा कोयता शोधायला गोठ्यात गेला. गौर उभी, मैना उभी. पिशवी मात्र चाललेली. मी सुतळीवर नखं मारली, दात लावले. सयाजीरावांची गाठ होती ती, कोर्टाच्या हुकुमाशिवाय सुटणारी नव्हती. बायकांचीही पंचाईत. मशीन म्हणतंय म्हणून त्या उभ्या उभ्या कडव्यामागून कडवं म्हणत राहिल्या. आम्ही मामाच्या दारातून सुटून पाखाडीच्या पहिल्या पायरीशी पोचलो, आणि माझ्या पिशवीनं झांजांचा मोठा गजर करून गाणं संपवलं. एकोणीसच्या एकोणीस कडवी खलास.

वर घर, दारात पाट टाकून बसलेली ठकूकाकी. मध्ये सगळी पाखाडी.

मी जन्मात इतका ओशाळलो नव्हतो. मैना पांढरीफटक पडली होती. तिनं वर काकीकडे पाहिलं, मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी पिशवी पाठीमागे लपवली. तिचे ओठ थरथरले. मला वाटलं रडणार. पण ती रडत नव्हती, ती चिडली होती. तिनं सूप घट्ट धरलं, पहिल्या पायरीवर दाणकन पाऊल टाकलं आणि त्याच चालीवर सूर लावला:

"गौराई माझी, पाखाडीला थांबली गो,
विनीतभावजींची, पेटी तिथंच झोपली गो!"

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि पंधरा बायकांनी ती ओळ उचलली. 'पेटी तिथंच झोपली गो!' पावलं पायऱ्यांवर पडायला लागली. कडवं संपायच्या आत मैनाला दुसरं सुचलं होतं:

"श्रीपतमामांनी, नारळ फोडला दारी गो,
बांध मोजायला, आले हे सरकारी गो!"

मामा खालून "ए, ए" करत होता, पण हसतही होता. एकावर एक कडवी जमत गेली. महादूची रात्रपाळी आली, आटलेली म्हैस आली, दुभंगलेला पाटा आला. वर्षभर जे जे तिच्या माथी मारलं होतं, ते सगळं तिनं एकेक पायरीवर ठेवलं. अंगण आलं. एका कडव्यापुरतीच पावलं उरली. आणि मैना सासूच्या डोळ्याला डोळा भिडवून गायली:

"सासूबाईंचा गुडघा, बसला बाई रुसून गो,
गौराई आली तरी, येईना की उठून गो!"

दुसरी ओळ उचलायची कुणाची छाती झाली नाही. काकीनं एकदा सुनेकडे पाहिलं, दाराची चौकट धरली आणि उठली. त्या गुडघ्यानिशी, सरळ उभी राहिली, आणि ती दुसरी ओळ स्वतःच म्हणाली. शेवटच्या 'गो'वर मैनाचं पाऊल उंबऱ्यात होतं.

काकीनं तिच्या पायावर दूधपाणी घातलं आणि म्हणाली, "आली तुला."

"म्हंजी?" मैना सूप धरूनच रडायला लागली होती.

"मी काय घड्याळ बघून गात व्हते? पावलं उरली की कुनाच्या तरी नावानं कडवं जोडायचं. कमी पडली की गाळायचं. ह्या विनीतच्या बापाचं कडवं मी तीन वर्सं म्हटलंय, त्यो वढ्यात पडला व्हता तवा."

"मग मला सांगायचं नाय व्हय आत्याबाई? वरीसभर बोलनी खाल्ली मी!"

"सांगून येतंय व्हय? चिडलीस तवा आलं," काकी म्हणाली. मग सगळ्यांदेखत म्हणाली, "पाटा माझ्याच हातनं पडला गो."

त्या दिवशी जेवताना मैना चार वेळा हसली, हे मी मोजलं.

काकी त्याच दिवशी गौर आणायचं कायमचं मैनावर सोपवून मोकळी झाली. मैनाचं पाऊल तेव्हापासून आजतागायत चुकलेलं नाही. दरवर्षी तिला नवी कडवी सुचतात आणि जुनी गळतात. श्रीपतमामाचं गळलं, गुडघ्याचंही गळलं. माझं मात्र गळत नाही. पावलं उरोत न उरोत, पाखाडी आली की लहान पोरीसुद्धा माझ्याकडे बघून ते म्हणतात. निशिगंधा तर आताशा आघाडीवर असते. मी छत्री घेऊन मागून चालतो आणि एक जाणकार म्हणून एवढंच सांगतो, की कडवं सहा मात्रांच्या ठेक्यातलं आहे आणि त्याच्या लयीत चूक काढायला कुठेही जागा नाही.